'इथे लीगल आहे' हे अर्धंच उत्तर

एडिसनहून आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"नमस्कार ताई. आम्ही अठरा वर्षं न्यू जर्सीत आहोत. यजमान आयटीत. तीन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने ह्यांनी फोनवर पैसे लावायला सुरुवात केली. आधी फुटबॉल, मग बास्केटबॉल, आता आयपीएल आणि रात्री दोन वाजता कुठलं तरी टेनिससुद्धा. मी काही बोलले की एकच उत्तर: 'इथे लीगल आहे, सरकारमान्य आहे. तुझ्या सांगलीचा मटका नव्हे.' आमचा मुलगा एकोणीस वर्षांचा, रटगर्सला आहे. तोही ह्यांच्याच खात्यावरून मित्रांबरोबर खेळतो, हे मला गेल्या महिन्यात कळलं. कोल्हापूरचे धाकटे दीर आयपीएलला आपल्यासाठी पैसे लावायला सांगतात आणि तिकडे सासूबाईंच्या खात्यात रुपये भरतात. जिंकले तर हे थोडे स्वतःकडे ठेवतात. शिवाय व्हॉट्सॲपवरून कुणाकडून तरी घेतलेला एक 'आयडी' आहे, तिथे भाव चांगला मिळतो म्हणे. ग्रीन कार्डाला पाच वर्षं होत आलीत, पुढच्या वर्षी आम्ही तिघं सिटिझनशिपचा अर्ज करणार. हे सगळं खरंच लीगल आहे का? की मीच उगीच घाबरते? — एक बायको, एडिसन"

बाई, तुम्ही उगीच घाबरत नाही आहात. तुमच्या पत्रात पैसे लावण्याचे चार प्रकार आहेत. त्यातला एक लीगल आहे, उरलेले तीन नाहीत. यजमान त्या एकाच्या पदराआड बाकीचे तीन लपवतायत, आणि बहुतेक त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसावं.

आधी त्यांचं जे बरोबर आहे ते त्यांना देऊन टाकते, म्हणजे भांडण निम्मं होईल. एकवीस वर्षांवरच्या माणसाने न्यू जर्सीच्या हद्दीत उभं राहून, राज्याचं लायसन्स असलेल्या ॲपवर, स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पैशाने सामन्यावर पैसे लावले तर तो गुन्हा नाही. आणि ही सवलत आपल्या राज्याला कुणी दिलेली नाही, सुप्रीम कोर्टापर्यंत भांडून मिळवलेली आहे. १९९२ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून राज्यांना खेळांवरच्या बेटिंगला परवानगी द्यायला बंदी घातली. नेवाडाला पूर्ण सूट मिळाली. डेलावेअर, ओरेगन, मोंटाना यांना जुनं जे होतं तेवढं ठेवता आलं. गंमत अशी, की त्या कायद्यामागे सगळ्यात जोर लावणारा सिनेटर आपल्याच राज्याचा होता: बिल ब्रॅडली, एकेकाळचा न्यूयॉर्क निक्स या बास्केटबॉल संघाचा खेळाडू. अटलांटिक सिटीत कॅसिनो होते म्हणून न्यू जर्सीला विचार करायला एक वर्षाची मुदतही होती. राज्याने ती वाया घालवली.

पुढची वीस वर्षं पस्तावा. २०११ मध्ये मतदारांनी बेटिंगच्या बाजूने कौल दिला, ख्रिस क्रिस्टी गव्हर्नर असताना २०१२ मध्ये कायदा झाला, आणि व्यावसायिक खेळांच्या चारही मोठ्या लीग कॉलेजांच्या क्रीडा संघटनेला बरोबर घेऊन कोर्टात गेल्या. राज्य हरलं, पुन्हा नवा कायदा केला, पुन्हा हरलं. मधल्या काळात, २०१४ या एका वर्षात, अटलांटिक सिटीतले चार कॅसिनो बंद पडले. त्या लोकांना विचारलंत तर हा खटला तत्त्वाचा वगैरे नव्हता, पोटाचा होता. शेवटी १४ मे २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने १९९२ चा कायदा रद्द केला. निकाल न्यायमूर्ती अलिटो यांनी लिहिला. महिन्याभरात, १४ जूनला, गव्हर्नर फिल मर्फी यांनी मॉनमथ पार्कच्या रेसकोर्सवर वीस-वीस डॉलरच्या दोन बेट लावून उद्‌घाटन केलं. एक होती जर्मनी फुटबॉलचा वर्ल्डकप जिंकेल यावर. जर्मनी पहिल्याच फेरीत घरी गेली. राज्याचा पहिला अधिकृत ग्राहक तिथेच हरला, हे मी ओळखीच्या प्रत्येक बेटिंगवाल्याला सांगते. कुणालाच हसू येत नाही.

कोर्टाने नेमकं काय म्हटलं ते मात्र यजमानांना वाचायला सांगा. बेटिंग चांगलं की वाईट, यावर कोर्ट काही बोललेलं नाही. वॉशिंग्टनने राज्याच्या विधिमंडळाला 'तुम्ही अमुक कायदा करू नका' असा हुकूम सोडता येत नाही, एवढंच. म्हणजे ज्याने त्याने आपापल्या घरचं ठरवावं. म्हणून टेक्सास आणि कॅलिफोर्नियात आजही हे चालत नाही. न्यूयॉर्कमध्ये फोनवरून लावायची सोय जानेवारी २०२२ मध्ये आली. तोवर मॅनहॅटनची माणसं जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून सायकल मारत आपल्या न्यू जर्सीतल्या फोर्ट लीला यायची, बेट लावायची आणि उलट पावली परत जायची. तुम्ही राहता कुठे याला महत्त्व नाही. बटण दाबताना तुमचा फोन कुठल्या राज्यात आहे, ते ॲप बघतं.

आणि घरचं ठरवताना न्यू जर्सीने कुंपणंही बरीच घातली. वयाची अट एकवीस. राज्यातल्या कॉलेजांच्या संघांवर, मग ते कुठेही खेळत असोत, आणि राज्यात होणाऱ्या कुठल्याही कॉलेज सामन्यावर बेट घ्यायला बंदी. ही बंदी उठवावी का, असं २०२१ मध्ये मतदारांना विचारलं तर ते 'नको' म्हणाले. चारच महिन्यांत जर्सी सिटीचं छोटंसं सेंट पीटर्स कॉलेज बास्केटबॉलमध्ये केंटकीला हरवून देशातल्या शेवटच्या आठ संघांत पोचलं. सगळा देश त्यांच्यावर पैसे लावत होता आणि त्यांच्या स्वतःच्या गावातल्या माणसाला कायद्याने लावता येत नव्हते. मला तो नियम आवडतो. आपल्या पोरांवर पैसे लावायचे नाहीत, एवढं तरी कुणी ठरवलं.

पोरांवरूनच तुमच्या चिरंजीवांकडे येते. एकोणीस म्हणजे एकवीस नव्हे. तो कदाचित म्हणेल, 'आई, फँटसी तर अठराला चालतं.' खरं आहे, न्यू जर्सीत फँटसी संघ लावायचे खेळ अठरापासून चालतात, कारण त्यांचा कायदा वेगळा आहे. सामन्यावर सरळ पैसे लावायला एकवीसच. वडिलांच्या खात्यावरून खेळला तर दोघेही नियम मोडतात: मुलगा वयाचा, वडील खात्याचा. खातं एका माणसाचं असतं, ते नवरा-बायकोतसुद्धा वापरायला देता येत नाही. कंपनीच्या लक्षात आलं तर खातं गोठतं आणि जिंकलेले पैसे जाऊ शकतात. आणि लक्षात येतं. एडिसनचा फोन आणि न्यू ब्रन्सविकच्या हॉस्टेलचा फोन एकाच खात्यावर आळीपाळीने उघडत असेल तर ते ओळखायला शेरलॉक लागत नाही. पासवर्ड आज रात्रीच बदलायला सांगा. चर्चा नंतर.

आता दीर. आपल्याकडच्या सट्ट्यात दोन क्रियापदं आहेत, तुम्ही ऐकली असतील: जो खेळतो तो 'लावतो', जो बुकी असतो तो 'खातो'. तुमचे यजमान स्वतःचे पैसे लावतात तोवर ते लावणारे आहेत. भावाचे पैसे घेऊन लावतात आणि जिंकल्यावर त्यातला तुकडा ठेवतात, तेव्हा ते लावणारा आणि खाणारा यांच्या मधला माणूस होतात. न्यू जर्सीच्या फौजदारी कायद्यात नुसतं खेळणं आणि दुसऱ्याच्या जुगारातून वाटा घेणं यांत मोठी रेघ आहे, आणि ती त्यांनी ओलांडलीय. 'भावाकडून कसलं कमिशन, चहापाण्याचं ठेवतो' हे वाक्य मला ऐकू येतंय. ते माझ्यापुढे चालेल, चौकशी करणाऱ्यापुढे चालेल का ते बघा.

तिकडचं तर आणखी अवघड. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून जागेवर आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा खेळणाऱ्याला नाही, खेळवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांची ने-आण करणाऱ्याला आहे. परदेशी चलनाच्या २००० सालच्या नियमांत लॉटरी, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक यांसाठी भारतातून पैसे बाहेर पाठवायला मनाई आहे. तुम्ही म्हणाल, पैसे बाहेर गेलेच नाहीत, रुपये कोल्हापुरात राहिले आणि डॉलर इथले इथे. बाई, रुपये तिकडे द्यायचे आणि डॉलर इकडे मोजायचे, याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. आणि चौकशी लागलीच तर पहिल्यांदा खातं गोठतं ते ज्याच्या नावावर असेल त्याचं. म्हणजे सासूबाईंचं. पेन्शन त्याच खात्यात येते का, एवढं एकदा यजमानांना विचारा. माझ्या अंदाजाने हा प्रश्न बाकीच्या सगळ्या कायद्यांपेक्षा लवकर काम करेल.

तिसरा तो 'आयडी', म्हणजे लायसन्स नसलेल्या सट्टेवाल्याकडचं खातं. आमच्या लालबागच्या चाळीत जिन्याखाली एकजण मटक्याच्या चिठ्ठ्या घ्यायला बसायचा. त्याच्याकडे किमान तोंड होतं. पैसे बुडवले तर लोक घरी जाऊन दार वाजवायचे. व्हॉट्सॲपवाल्या आयडीला दारही नाही. भाव चांगला मिळतो तो याचमुळे: त्याला लायसन्सची फी नाही, राज्याचा कर नाही, वय तपासायचं नाही, फोन कुठे आहे ते बघायचं नाही. लायसन्सवाल्या ॲपने तुमचे पैसे अडवले तर आधी कंपनीकडे आणि मग राज्याच्या डिव्हिजन ऑफ गेमिंग एन्फोर्समेंटकडे तक्रार करता येते. तो सरकारी विभाग ॲटर्नी जनरलच्या हाताखाली आहे. आयडीवाल्याने अडवले तर नंबर ब्लॉक होतो, बस. यजमान ज्याला नाक मुरडतात तो सांगलीचा मटका हाच, फक्त जिन्याखालून फोनमध्ये आलाय.

सिटिझनशिपचं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण तुमची खरी धास्ती तीच आहे. अर्जदाराचं मागच्या पाच वर्षांतलं वर्तन चांगलं होतं का, हे पाहतात. इमिग्रेशनच्या कायद्यात जुगाराबद्दल दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्यात: ज्याचं उत्पन्न मुख्यतः बेकायदा जुगारातून येतं तो, आणि त्या काळात ज्याला जुगाराच्या दोन किंवा जास्त गुन्ह्यांत शिक्षा झाली तो, अशांना 'चांगल्या वर्तनाचा' म्हणता येत नाही. लायसन्स असलेल्या ॲपवर स्वतःचे पैसे लावणारा यात बसत नाही. तेवढ्यावरून यजमानांचा अर्ज फेटाळला जाईल असं मनात आणू नका. पण एन-४०० या अर्जात एक सरळ प्रश्न असतो: तुम्ही कधी बेकायदा जुगार खेळलात का, किंवा बेकायदा जुगारातून तुम्हाला उत्पन्न मिळालं का? आयडी आणि दिराचा तुकडा यांच्यासमोर हा प्रश्न आला की 'नाही' वर खूण करताना हात अडखळला पाहिजे. शपथेवर खोटं बोलणं हे स्वतःच चांगल्या वर्तनाच्या आड येतं, आणि ते मूळ गोष्टीपेक्षा महाग पडतं. मुलगा अठराच्या वर आहे, म्हणजे त्याचा अर्ज वेगळा आणि त्यालाही तोच प्रश्न. त्यामुळे हे दोन्ही उद्योग आजच थांबवायचे, आणि अर्ज भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला सगळं, म्हणजे सगळं, सांगायचं. एक तासाची फी जाईल. तेवढी एका रविवारी फुटबॉलमध्ये जातेच.

कर हा माझा विषय. तीस वर्षं लोकांची रिटर्न भरली, म्हणून इथे जरा रेंगाळते. तुमचं रिटर्न जोडीचं असणार, म्हणजे खाली सही तुमचीही आहे. जिंकलेली रक्कम फेडरल रिटर्नमध्ये पूर्ण दाखवावी लागते, कंपनीने कागद पाठवला असो वा नसो. हरलेली रक्कम वजा करता येते, पण स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सगळ्यांना मिळणारी ठरावीक वजावट, सोडून खर्च एकेक करून दाखवलेत तरच, आणि जिंकलेल्या रकमेच्या वर नाही. बहुतेक मराठी घरं स्टँडर्ड डिडक्शन घेतात. म्हणजे वर्षभरात वीस हजार जिंकले, चोवीस हजार हरले, घरातून चार हजार गेले, आणि वर वीस हजारांवर कर. २०२६ पासून आणखी एक खिळा ठोकलाय: हरलेल्या रकमेतली ९० टक्केच धरली जाते. वीस जिंकले, वीस हरले, हातात शून्य, तरी अठराच वजा होणार आणि दोन हजारांवर कर बसणार. न्यू जर्सीचं राज्य मात्र इथे दयाळू आहे. पुरावे असले तर त्या वर्षातलं जिंकणं-हरणं एकमेकांत वळतं करू देतं. आता सांगा, मागच्या तीन वर्षांच्या रिटर्नमध्ये यातली एक तरी ओळ तुम्ही पाहिलीत? नसेल पाहिली तर सुधारित रिटर्न भरता येतं, आणि सिटिझनशिपच्या अर्जात कराबद्दलही विचारतात.

'पण मी जिंकतो' असं यजमान म्हणत असतील. त्यांना त्यांच्याच फोनवरचा आकडा दाखवा, उणे ११०. म्हणजे ११० लावा, जिंकलात तर १०० मिळवा. दोन्ही संघ तुल्यबळ आणि दोन्हीकडे हाच भाव असेल तर नुसतं बरोबरीत राहायला शंभरातल्या त्रेपन्न वेळा बरोबर यावं लागतं. चार सामने एकत्र बांधून लावतात, ज्याला पार्ले म्हणतात, त्याचं तर बघाच. तुल्यबळ चार सामने बरोबर यायची शक्यता सोळात एक. न्याय्य हिशेबाने १०० डॉलरवर १,५०० नफा मिळायला हवा. याच भावाने मिळतात सुमारे १,२२८. मधले पावणेतीनशे जिंकल्यावरसुद्धा कंपनीच ठेवते. ॲप उघडल्या उघडल्या पहिल्यांदा पार्लेच का दिसतात, ते यावरून कळेल. आणि 'सरकारमान्य' या शब्दाचा दुसरा अर्थही कळेल: फोनवरच्या बेटिंगमधून कंपनीकडे जे उरतं त्यातला वाटा राज्य घेतं. आधी १३ टक्के होता, १ जुलै २०२५ पासून १९.७५. न्यूयॉर्क तर ५१ टक्के घेतं. सरकारने मान्यता दिलीय हे खरंच आहे. हरलेल्या पैशातला तो भागीदार आहे.

आता तुमच्या हातात काय आहे. न्यू जर्सीत स्वतःवर बंदी घालून घ्यायची सोय आहे. एक वर्ष किंवा पाच वर्षं. एकदा नाव घातलं की राज्यातल्या लायसन्सवाल्या सगळ्या ॲपना लागू, मधेच मन बदललं तरी काढता येत नाही, आणि बंदीत खेळून जिंकलेले पैसे जप्त. पण हे नाव फक्त स्वतः घालता येतं. बायकोला घालता येत नाही, आईला नाही. ही त्या कायद्यातली मोठी फट आहे असं माझं मत. वकील मंडळी याला माणसाचं स्वातंत्र्य म्हणतात. आणि तो आयडी या बंदीत येत नाहीच.

म्हणून एकदम पाच वर्षांची मागणी करू नका, भिंत उभी राहील. लहानापासून सुरू करा. प्रत्येक ॲपमध्ये रोजची, आठवड्याची, महिन्याची मर्यादा घालता येते. कमी केली तर तिथल्या तिथे लागू होते. वाढवायची तर आधीची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. निदान ७२ तास खातं बंद ठेवायचीही सोय आहे. मर्यादा तुमच्यासमोर बसून घालायला सांगा. आणि एक विचारा: खात्यात आजवर भरलेली एकूण रक्कम २,५०० डॉलरच्या पुढे गेली की ॲपला खेळ थांबवून तसं सांगावं लागतं, मदतीचा नंबर दाखवावा लागतो, आणि 'समजलं' असं दाबल्याशिवाय पुढे लावता येत नाही. तुम्ही ते कधी दाबलंत? बहुतेकांना आठवत नाही. दाबलेलं असतं.

तो मदतीचा नंबर म्हणजे १-८००-गॅम्बलर. सुरुवात न्यू जर्सीतूनच झालेली, दिवसरात्र चालतो, आणि घरच्यांनाही फोन करता येतो. रात्री दोन वाजता टेनिस बघणारा माणूस परदेशी टेनिसच्या प्रेमाने जागत नाही, हे तुम्हाला कळलंय म्हणून तुम्ही पत्र लिहिलंत. यजमान तयार नसतील तर आधी तुम्ही करा. घरच्या माणसांसाठी गॅम-ॲनॉन म्हणून बैठकाही असतात. तिथे आपलं कुणी भेटेल या भीतीने जायचं टाळू नका. भेटलं तर तेही त्याच कारणाने आलेलं असेल.

तर या शनिवारी, मुलगा घरी असताना, तीन कामं: पासवर्ड बदलायचा, आयडी फोनवरून काढायचा, कोल्हापूरला फोन करून 'यापुढे नाही' म्हणायचं. त्या फोनवर यजमान बोलतील, तुम्ही नाही. दिराशी वाईटपणा तुमच्या माथी नको. चौथं, प्रत्येक ॲपकडून वर्षभराच्या जिंकल्या-हरल्याचं स्टेटमेंट मागवायचं. ते मिळतं. तीन वर्षांचं मागवा आणि पहिल्यांदा दोघांनी मिळून उघडा. आकडा काय निघाला ते मला कळवलंत तर रिटर्न कसं दुरुस्त करायचं ते पुढच्या वेळी सांगते. फेब्रुवारीच्या आत लिहा, नंतर माझ्याकडे रांग लागते.